मुकी स्ट्रॉबेरी आणि माझी दोन पारडी

मित्रांनो, खिडकीजवळच्या खिळ्याला टांगलेला जो जुना तराजू तुम्हाला दिसतो, तो मी. माझी साखळी काळी पडली आहे, एका पारड्याला पोचा आला आहे आणि दांडीवर कोळ्याने बिऱ्हाड थाटलं आहे. पण काटा अजून मधोमध सरळ उभा राहतो. या वयात एवढं जमणारी माणसं तुमच्या ओळखीत किती निघतील, ते तुम्हीच बघा.

माझा जन्म एका तांबटाच्या दुकानात झाला. तांबट तापट होता, पण हात थंड डोक्याचा. त्याने माझी दांडी कानशीने घासली, पारडी ठोकून गोल केली, आणि दोन्ही पारडी सारखी भरेनात म्हणून एका पारड्याखाली कथलाचा बारीकसा थेंब चिकटवला. मग तो मागे सरकून उभा राहिला आणि म्हणाला, "आता तुला कोणी फसवू शकणार नाही. तुझ्यावर अंगठा ठेवून दुसऱ्याला फसवतील, ती गोष्ट वेगळी."

तसंच झालं. माझी उमेदीची वर्षं एका किराणा दुकानात गेली. तिथे मी माणसं तोलायला शिकलो. कोण पारड्याकडे बघतो, कोण दुकानदाराच्या अंगठ्याकडे, कोण दोन्हीकडे न बघता पिशवी पुढे करतो आणि घरी जाऊन कुरकुरतो, हे सगळं मला पाठ झालं. गोड बोलणारी गिऱ्हाइकं बहुधा वरून मूठभर जास्तीचं मागतात. न बोलणारी नेहमीची असतात. माझी तेव्हा फार वाहवा होती. "ह्या काट्यावर घ्या, हा खरा आहे," असं लोक एकमेकांना सांगत.

दुकान बंद झालं तेव्हा मला या घरच्या माईंच्या नवऱ्याने उचलून आणलं. त्यांचा डोंगराचा एक उतार होता आणि त्या उतारावर स्ट्रॉबेरी. डाळ आणि साखर तोलून तोलून माझी पारडी निबर झाली होती; त्यांत ही थंडगार, दंव लागलेली फळं पडली तेव्हा मला लाजल्यासारखं झालं. माईंची स्ट्रॉबेरी लहान होती, मऊ होती, वेडीवाकडी होती. दर तिसऱ्या फळाला गोगलगाईने भोक पाडलेलं. पण ती माझ्यावरून उतरली तरी तिचा वास पारड्याला संध्याकाळपर्यंत चिकटून राहायचा.

पुढे माईंचे यजमान गेले, मुलगे दूरच्या शहरात नोकरीला लागले, आणि उतार दोन सुनांच्या हाती आला. थोरली उभ्या बांध्याची, आवाज खणखणीत, जिथे जाईल तिथे दोऱ्या बांधून रांगा सरळ करणारी. धाकटी हळू बोलायची. तिने उताराच्या कडेला मधमाश्यांच्या पेट्या ठेवल्या होत्या आणि माणसांपेक्षा त्यांच्याशी तिचं जास्त पटायचं. दोघींचं भांडण कधी झालं नाही, कारण दोघी सतत भांडणाच्या तयारीत असायच्या आणि त्यामुळे फार जपून वागायच्या.

उतारावरची रोपं जुनी झाली होती. सगळं उपटून नवीन लावायचं होतं. प्रश्न एवढाच, की कोणती जात लावायची? रासायनिक औषध, रासायनिक खत वापरायचं नाही, यावर दोघींचं एकमत होतं. कुजलेलं शेणखत, पालापाचोळ्याचं खत, रोपांखाली पेंढ्याचं आच्छादन, माव्याची कीड दिसली तर लसणाचं पाणी, एवढ्यावर जी जात तगेल ती आपली. म्हणून त्यांनी एका हंगामापुरते चार वाफे केले. सारखी माती, सारखं पाणी, सारखा पेंढा.

पहिला वाफा लवकरीचा. ती सगळ्यांच्या आधी पिकायची आणि सगळ्यांच्या आधी थकायची. दुसरा टपोरीचा, दिसायला राणी, पण जरा ओल वाढली की अंगावर करडी बुरशी. तिसरा माईंच्या जुन्या जातीचा. आणि चौथ्या वाफ्यात रोपवाल्याने एक नवी जात आणून लावली होती.

"नाव काय हिचं?" धाकटीने विचारलं होतं.

"नाव असं नाही वहिनी. मी एकाकडून घेतली. त्याने कोणाकडून तरी घेतली होती."

"तो कोणाकडून?"

"आता तेवढं खोलात कोण जातं?" रोपवाला हसला आणि टेम्पोत जाऊन बसला.

आता यांची तुलना करायची पद्धत ऐका. दोघींचा एकमेकींच्या हिशोबावर विश्वास नव्हता. म्हणून त्यांनी चार बरण्या मांडल्या. ज्या जातीने गुण दाखवला तिच्या बरणीत खडा टाकायचा, तोही दोघींच्या समोर. वजन जास्त भरलं, खडा. कीड कमी, खडा. फळ जास्त टिकलं, खडा. आणि चवीला? चवीला काहीच नाही! चव घ्यायचीच नाही, असा थोरलीने नियम केला.

"चवीवरून कधी एकमत झालंय का कोणाचं?" ती म्हणाली. "मला एक गोड लागणार, तुला दुसरी, आणि माई तर डोळे मिटून त्यांचीच म्हणणार. त्यापेक्षा काटा सांगेल ते खरं."

माझी छाती तेव्हा फुगली होती, हे कबूल करतो. पण मनात म्हटलं, खाण्याची वस्तू न खाता निवडणारी माणसं मी दुकानातसुद्धा पाहिली नव्हती.

फळं धरू लागली. मी पॅकिंगच्या शेडमध्ये तुळईच्या आकड्याला लटकत असे आणि समोरच्या खिडकीतून चारही वाफे मला दिसत. चौथ्या वाफ्यातली फळं अशी होती, मित्रांनो, की बघणाऱ्याने बोलणं विसरावं. एकसारखी, लालभडक, डागाचं नाव नाही. गोगलगायी पकडायला दोघी संध्याकाळी प्रत्येक वाफ्याशेजारी एक ओली फळी ठेवत आणि सकाळी उलटून बघत. पहिल्या तीन फळ्यांखाली वळवळ असायची. चौथ्या फळीखाली नुसती ओली माती. गोगलगाईची चकचकीत वाट तिसऱ्या वाफ्यातून निघायची, चौथ्याच्या कडेपर्यंत यायची आणि तिथून वळून परत जायची. मुंग्या वळसा घालून जात. पाखरं लवकरीवर तुटून पडत, पण चौथ्यावरून उडताना त्यांचा आवाज बंद व्हायचा. धाकटीने तिचं नाव ठेवलं मुकी.

"मुकी म्हणे! गुणाची आहे," थोरली म्हणाली आणि बरणीत खडा टाकला. "बघ, एक कीड नाही."

"कीड नाही ते ठीक आहे ताई. पण मधमाशीसुद्धा नाही. मी रोज बघते. फुलं उघडतात, मिटतात, एकही बसत नाही."

"मग फळ कसं धरतं?"

"तेच तर विचारतेय."

थोरलीला प्रश्न आवडत नसत, त्यातून उत्तर नसलेले तर मुळीच नाही. ती दोरी सरळ करायला निघून गेली.

धाकटीने आणखी एक गोष्ट पाहिली. बाकीच्या वाफ्यांतला पेंढा हंगाम पुढे सरकला तसा काळा पडला, मऊ झाला, मातीत मिसळू लागला. मुकीखालचा पेंढा जसा घातला तसाच, पिवळाधमक, कोरडा. तिची तोडलेली पानं खताच्या ढिगात टाकली, तर ढीग कुजून खाली बसला आणि ती पानं तेवढी वर हिरवीगार राहिली. जणू आज तोडलेली.

आणि मग माझी पाळी आली.

टिकाऊपणा बघायचा म्हणून प्रत्येक जातीची एक वाटी सकाळी माझ्यावर तोलून फळीवर ठेवत आणि संध्याकाळी पुन्हा तोलत. तोडलेलं फळ सुकतं, थोडं हलकं होतं. हा जगाचा नियम आहे. लवकरी हलकी झाली. टपोरी हलकी झाली. माईंची तर फारच हलकी झाली. मग मुकीची वाटी पारड्यात आली आणि पारडं खाली गेलं. सकाळी जी वजनं घातली होती ती पुरेनात.

मी आयुष्यभर वजन पेललं आहे. पण ते वजन वेगळं होतं. ते पारड्यात ठेवल्यासारखं लागत नव्हतं. पारड्यात येऊन बसल्यासारखं लागत होतं. माझ्या साखळीला गारवा चढला.

"तराजू म्हातारा झाला," थोरली म्हणाली.

धाकटीने मला रिकामं केलं, पारडी पुसली, दोन्हीकडे सारखी वजनं घातली. काटा मधोमध उभा राहिला. वजनांची अदलाबदल केली. काटा मधोमध. दुसऱ्या दिवशी तिने वाट्यांच्या जागा बदलल्या आणि मुकीशेजारी टपोरीची वाटी ठेवली. त्या संध्याकाळी टपोरी सगळ्यात जास्त सुकली.

"ताई, हिच्या शेजारी जे ठेवावं ते हलकं होतंय."

"उन्हाची तिरीप तिकडे येते."

"ढग आहेत आज."

"मग वारा असेल! तुला काय म्हणायचंय, स्ट्रॉबेरी स्ट्रॉबेरीला खाते?" थोरली हसली. तिचा हात मात्र बरणीवर होता. वजन घटलं नाही म्हणून तिने मुकीला खडा दिला.

माई कोपऱ्यात स्टुलावर बसून देठ काढत होत्या. त्या म्हणाल्या, "हात धुऊन घ्या गं दोघी."

बाजारात तर मुकीने कमाल केली. मलाही सोबत नेत असत. टेबलावर चार टोपल्या मांडल्या की लोक सरळ चौथीकडे येत. माईंच्या जातीला वास होता, पण भोकं होती; माणसं नाकापेक्षा डोळ्यांचं जास्त ऐकतात, हे मी किराण्याच्या दिवसांपासून बघत आलो आहे. पुढच्या बाजाराला धाकटीने नेहमीच्या गिऱ्हाइकांना विचारायला सुरुवात केली.

"काकू, मागच्या वेळची कशी निघाली?"

"छान होती हो," शिंपीणकाकू म्हणाल्या.

"गोड होती?"

"हो... म्हणजे असणारच ना. काचेच्या बाऊलमध्ये घालून टेबलावर ठेवली आहे. घर कसं भरल्यासारखं वाटतं."

"ठेवली आहे? अजून?"

काकूंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "आम्ही खाल्ली की. सगळ्यांनी खाल्ली." मग त्या जराशा थांबल्या. "तरी बाऊल भरलेलाच आहे, नाही का?" एवढं बोलून त्या निघून गेल्या. कोथिंबीर घ्यायची विसरल्या.

चष्मेवाले आजोबा तर खवय्ये. तेही म्हणाले, "उत्तम! एक मात्र खरं, दातात बी अडकली नाही. नाहीतर स्ट्रॉबेरी खाल्ली की दिवसभर जीभ बियांच्या मागे फिरते."

धाकटीने मुकीची टोपली हळूच मागे ओढली. थोरलीने त्यांना आणखी एक टोपली भरून दिली.

हंगाम संपायला आला. मुकीने जमिनीवर लांब लाल धागे सोडले आणि प्रत्येकाच्या टोकाला एकेक पिल्लू रोप धरलं. स्ट्रॉबेरी अशीच वाढते, त्यात नवल नाही. नवल हे, की बाकीच्यांचे धागे सगळ्या दिशांना गेले आणि मुकीचे सगळे शेडच्या दिशेने आले.

शेवटी बरण्या समोर आल्या. मुकीची बरणी गळ्यापर्यंत भरली होती. माईंच्या जातीच्या बरणीत तळ दिसत होता. थोरलीने निकाल सांगून टाकला. पूर्ण उतारावर मुकी लावायची. तिसरा वाफा उद्याच उपटायचा. धाकटीने पेट्या दुसरीकडे हलवायच्या, कारण इथे माश्यांना काही उरणार नाही.

धाकटी म्हणाली, "ताई, माश्या दुसरीकडे नेऊन जगतील. पण माईंची रोपं दुसरीकडे कुठेच नाहीत. ही गेली की संपली."

"बरण्या आपण दोघींनी भरल्या ना? मी एकटीने नाही ना भरल्या?"

नियमाने थोरलीचंच बरोबर होतं. नियम नेहमीच तिच्या बाजूला असायचे, कारण ते तीच करायची.

तेव्हा माई उठल्या. त्यांनी मुकीचं एक फळ घेतलं, माझ्या डाव्या पारड्यात ठेवलं आणि उजव्यात वजन घालून काटा बरोबर मधोमध आणला.

"सूनबाई, आधी हे खाऊन दाखव. मग लाव सगळा उतार. मी एक शब्द बोलणार नाही."

"माई, चव घ्यायची नाही असं ठरलंय आपलं."

"तुमचं ठरलंय. मला कोणी विचारलं होतं?"

"तुम्ही पण ना!" थोरली म्हणाली आणि पारड्यातून फळ उचललं. भरदुपार होती. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. मी सगळं पाहिलं, म्हणून सांगतो.

तिने फळ ओठांजवळ नेलं. मग तिचा हात खाली आला आणि मूठ मिटली. तोंड मात्र हलत राहिलं. तिने चावलं, गिळलं, पदराने ओठ पुसले.

"गोड आहे," ती म्हणाली. "पाणीदार आहे. झालं समाधान?"

धाकटी तिच्या मुठीकडे बघत होती.

"ताई, मूठ उघडा," धाकटी म्हणाली.

"कसली मूठ?"

"उजवी. उघडा ना."

थोरलीने मूठ उघडली. फळ अख्खं होतं. देठासकट. दाबल्याची खूण नाही, तळव्याला रसाचा ठिपका नाही. ती हसली, पण ते हसू नेहमीच्या जागी बसलं नाही. "अगंबाई! बोलण्याच्या नादात राहूनच गेलं." तिने पुन्हा फळ तोंडाजवळ नेलं. पुन्हा हात खाली आला. पुन्हा जबडा हलला, घसा हलला. "आता खाल्लं. बघितलंत ना? आता तर खाल्लं."

माईंनी तिचं मनगट धरलं, बोटं एकेक करून सोडवली आणि ते फळ माझ्या डाव्या पारड्यात परत ठेवलं. वजन उजवीकडे तसंच होतं. माझं डावं पारडं खाडकन खाली गेलं आणि टेबलाला टेकलं.

यावेळी मला कोणी म्हातारा म्हणालं नाही.

थोरली खाली बसली. तिचा खणखणीत आवाज कुठेतरी गेला होता. "माई," ती म्हणाली, "मला भूक लागल्यासारखं वाटतंय. खूप दिवसांपासून वाटतंय. मी जेवते ना रोज?"

"जेवतेस गं बाई. आ कर." माईंनी आपल्या जातीचं एक भोक पडलेलं, एका बाजूने पिचलेलं फळ घेतलं आणि स्वतःच्या हाताने तिच्या जिभेवर ठेवलं. रस हनुवटीवरून ओघळला. आंबट होतं बहुतेक, कारण तिने डोळे मिटून घेतले. मग ती लहान मुलीसारखी रडली आणि रडता रडता म्हणाली, "आणखी द्या."

तिचं पोट भरल्यावर ती स्वतः कुदळ घेऊन निघाली.

तिघींनी मिळून चौथा वाफा खणून काढला. मुळांना माती चिकटलेली नव्हती. धुऊन काढल्यासारखी पांढरी मुळं. ढीग पेटवायला गेल्या तर पेटेना. खतात घालायचा प्रश्नच नव्हता. शेवटी शेडमागच्या कोरड्या हौदात सगळं टाकलं, वर पत्रा आणि पत्र्यावर दगड. तिसरा वाफा राहिला. पुढच्या वर्षी सगळ्या उतारावर माईंची जात आली. भोकांची, वेडीवाकडी, माश्यांनी गजबजलेली.

इथे गोष्ट संपली असती तर मी तुम्हाला हाक मारली नसती.

वाफा खणला त्याच दिवशी सकाळी, बरण्या मोजायच्या आधी, रोपवाला येऊन गेला होता. मुकीची पिल्लं त्याने टेम्पो भरून नेली होती. थोरलीनेच ट्रे उचलून दिले होते. संध्याकाळी तिने त्याला फोन लावला.

"ती रोपं परत आणा. वाईट आहेत."

"वाईट? अहो वहिनी, जिथे दिली तिथून एक तक्रार नाही. सगळे आणखी मागतायत."

"कुठे कुठे दिलीत?"

"आता तेवढं खोलात..." तो म्हणाला, आणि आवाज तुटला.

त्यानंतर शेडमध्ये विजेवरचा नवा काटा आला. तो लाल आकडे दाखवतो, पावती देतो, कोणाच्या डोळ्यात डोळे घालून झुकत नाही. मला इथे खिळ्याला अडकवलं. मला वाईट वाटतं, पण मी समजू शकतो. थोरलीला माझ्याकडे बघवत नाही. ती आता जेवताना मधेच थांबते आणि हळूच विचारते, "माई, मी खाल्लं ना?" माई तिच्या ताटाकडे बघतात आणि मगच हो म्हणतात. धाकटी कधीतरी येऊन माझी साखळी पुसते. हौदावरचा पत्रा उन्हात तापत नाही, हे तिने मला हळूच सांगितलं. दुसऱ्या कोणाला सांगितलेलं नाही.

म्हणून मित्रांनो, एक विनंती आहे. घरातल्या जुन्या वस्तू मोडीत काढण्याआधी त्या काय म्हणतात ते ऐका. त्या बिघडल्या म्हणण्याआधी दोन्हीकडे सारखं वजन घालून बघा. फळ घ्याल तर जे आधी कोणीतरी चाखलं आहे असं घ्या. भोक असलेलं, माशी बसलेलं, कडेने जरा नासलेलं. तेवढा भाग कापून टाका आणि बाकीचं आनंदाने खा. रस सांडू दे. दातात बिया अडकू देत.

आणि कधी तुमच्या टेबलावर लालभडक, एकसारख्या, डाग नसलेल्या स्ट्रॉबेरीचा बाऊल आला, आणि तुम्ही त्यातली एक खाल्ली, आणि ती छान होती असं तुम्हाला वाटलं, तर कोणाला सांगण्याआधी एकदा मूठ उघडून बघा.